शून्याची जागा

५ ऑगस्ट

आत्या,

साष्टांग नमस्कार घालायला माझ्या खोलीत जागा नाही, पाय पलंगाखाली अडकतात. तेव्हा खुर्चीत बसूनच नमस्कार.

फोन का केला नाही, असं विचारशील. माझा फोन बाबांच्या चष्म्याच्या दुकानात, न खपलेल्या फ्रेमांच्या कपाटात ठेवलाय. अकरावी संपेपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच. कारण ऐक. भौतिकशास्त्राच्या चाचणीत मला पंचवीसपैकी तीन मार्क पडले. त्यातला एक बहुधा नाव नीट लिहिल्याबद्दल आहे.

धड्याचं नाव अध्यारोपण आणि व्यतिकरण. पहिला शब्द ऐकून वाटतं कोणावर तरी खटला भरलाय, दुसरा ऐकून वाटतं तो हरलाय. आमच्या सरांना आम्ही फळेसर म्हणतो, कारण ते फक्त फळ्याशी बोलतात. त्यांनी फळ्याला सांगितलं की दोन तरंग एका जागी आले की त्यांची बेरीज होते. एकाच्या शृंगावर (उंचवट्यावर) दुसऱ्याचा गर्त (खळगा) पडला तर उत्तर शून्य. मी हात वर करून विचारलं की दोन्ही आवाज शून्य झाले, तर त्यांची ऊर्जा कुठे गेली. सर वर्षात पहिल्यांदाच आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "तू बाहेर गेलीस की सांगतो." मी गेले. त्यांनी सांगितलं की नाही ते कळायला मार्ग नाही, कारण मी बाहेर होते.

आता २२ सप्टेंबरला फेरपरीक्षा. दहा मार्क लेखी, पंधरा मार्कांचा प्रयोग करून दाखवायचा. नापास झाले तर सायन्समधून उचलबांगडी, थेट कॉमर्सच्या वर्गात. माझा सायन्सवर फार जीव आहे अशातला भाग नाही. पण मी गेले की बाबा "मी म्हणतच होतो" म्हणणार, आणि ते ऐकत मला पुढची साठ वर्षं काढायची आहेत. ते तुझं नाव घरात काढत नाहीत असं समजू नकोस. काढतात, पण उदाहरण म्हणून. "तिनेही शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि नाटकवाल्यांच्या वायरी गुंडाळत बसली."

तू वीस वर्षं थिएटरचा आवाज सांभाळतेस. तूच सांग, आवाजात आवाज मिसळून शून्य कसं येईल? आमच्या घरात तरी असं कधी झालेलं नाही. आई-बाबा एकाच वेळी बोलतात तेव्हा दुप्पटच ऐकू येतं.

तुझी
भुणभुण


१३ ऑगस्ट

भुणभुणे,

तीन मार्क अगदीच वाईट नाहीत. मला त्याच धड्यात चार होते आणि आज माझं पोट त्याच धड्यावर चालतं. फोन केला नाहीस ते बरं झालं. हल्ली फोनवर समोरचा माणूस चिखलातून बोलल्यासारखा वाटतो, माझी चिडचिड होते.

आता ऐक. आवाज ही वस्तू नव्हे, हवेची ढकलाढकली आहे. स्पीकरचा पडदा पुढे आला की हवा ढकलतो, मागे गेला की ओढतो. समज, हवा म्हणजे दोन साहेबांच्या हाताखालचा कारकून. एक साहेब म्हणतो पुढे हो, त्याच क्षणी दुसरा म्हणतो मागे हो. कारकून काय करेल? काही नाही, जागेवर बसून राहील. ते तुझं शून्य. दोन पावलं बाजूला गेलीस तर तिथे दोघेही एकदम पुढे हो म्हणतात, आणि तिथला कारकून दुप्पट उडी मारतो. झालं अध्यारोपण. आणि त्या दोघांचं भांडण वगैरे काही नसतं. दोन्ही तरंग एकमेकांतून आरपार जातात आणि पुढे जसेच्या तसे चालू लागतात.

तुझ्या आई-बाबांचं म्हणशील, तर ते दोघं एकच सूर लावत नाहीत. तसा लावता आला असता तर तुमच्या घरात केव्हाच शांतता झाली असती.

दोन छोटे स्पीकर आणि सूर काढणारी एक डबी पार्सलने पाठवतेय. मोकळ्या जागेत दोन्ही स्पीकर दोन मीटर अंतरावर ठेव. डबीवर तीनशे चाळीसचा आकडा लाव. आवाज सेकंदाला साधारण तेवढेच मीटर जातो, म्हणून या सुराचा एक तरंग बरोबर एक मीटर लांब. समोर चार मीटरवर खडूने रेघ मार. स्पीकरकडे तोंड करून त्या रेघेवरून खेकड्यासारखी आडवी चाल. मधोमध मोठा आवाज. बाजूला साधारण मीटरभर सरकलीस की एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा अर्धा मीटर लांब पडतो, त्याच्या ढकलण्याच्या वेळी दुसऱ्याचं ओढणं येतं.

तिथे पोचलीस की कळेल. पूर्ण शून्य. कोणीतरी जगाचं बटण बंद केल्यासारखं. मी अजूनही दर खेपेला एकटीच हसते.

आत्या


२५ ऑगस्ट

आत्या,

पार्सल मिळालं. बाबांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, खोकं दोनदा फिरवून बघितलं आणि टेबलावर ठेवलं. मी आंघोळ करून आले तेव्हा त्याची चिकटपट्टी नीट कापलेली होती. कोणी कापली ते घरात कोणी कबूल करत नाही.

प्रयोग गच्चीवर केला. पाच मिनिटांत तळमजल्यावरचे घड्याळवाले काका धापा टाकत वर आले, त्यांना वाटलं पाण्याचा पंप जळतोय. पंप नसून शास्त्र आहे असं कळल्यावर ते कठड्याला टेकून थांबले.

पण सगळं उलटं झालं. मधोमध आवाज कमी, आणि मीटरभर बाजूला मोठा. मी चार वेळा चालून पाहिलं. आता एक तर तू चुकलीस, नाही तर फळेसर चुकले, नाही तर हवा चुकली. घड्याळवाले काका हवेच्या बाजूने आहेत.

भुणभुण


३० ऑगस्ट

भुणभुणे,

हवेला काही बोलू नकोस. एका स्पीकरच्या दोन वायरी तू उलट्या जोडल्या आहेस. त्यामुळे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि मधोमध, जिथे दोघांचं अंतर सारखं, तिथेच कारकुनाची पंचाईत होते. वायरींची अदलाबदल कर. लाज वाटून घेऊ नकोस. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, आणि शुभारंभाच्या प्रयोगाला प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत नायकाचा आवाज पोचलाच नाही. पाहुण्यांनी भाषणात त्याच्या संयत अभिनयाची स्तुती केली.

तुझा ऊर्जेचा प्रश्न चांगला होता. ती कोणी खात नाही, फक्त तिची वाटणी असमान होते. एका जागी शून्य, तर दुसऱ्या जागी एका स्पीकरच्या चौपट. सगळीकडची सरासरी काढलीस तर दोन स्पीकरांची मिळून दुप्पटच भरते.

इकडे एक गंमत झाली. परवा तालमीआधी लाइटवाल्याने दिव्यांचा दांडा खाली सोडला. "हटा" म्हणून तीनदा ओरडलो असं तो शपथेवर सांगतो. मी वायर गुंडाळण्याच्या तंद्रीत होते. दांडा डाव्या खांद्याला घासून गेला. हात वर जात नसल्याने दोन दिवस केस विंचरलेले नाहीत आणि नटमंडळी मला वचकून आहेत. दादाला सांगू नकोस.

आत्या


७ सप्टेंबर

आत्या,

खांदा कसा आहे?

वायरी बदलल्या आणि मधोमध मोठ्ठा आवाज आला. एवढा की घड्याळवाल्या काकांनी टाळी वाजवली. मीटरभर बाजूला आवाज खाली बसतो. पण आत्या, तो जात नाही. कमी होतो, शून्य होत नाही. आईला चालवलं, ती म्हणाली शेजाऱ्यांनी रेडिओ बारीक केल्यासारखं वाटतं. काकांना चालवलं, तेच. बाबा काय गोंधळ आहे ते बघायला वर आले आणि मी काही सांगायच्या आत रेघेवरून आडवे चालले. मी हसू गिळलं. "कमी होतो," एवढं म्हणून खाली गेले.

चार माणसं, आठ कान, शून्य कोणालाच सापडलं नाही. तू तर बटण बंद केल्यासारखं म्हणाली होतीस. परीक्षेला पंधरा दिवस राहिलेत. फळेसर पहिल्यांदा हेच विचारणार की शून्य कुठे आहे.

भुणभुण


११ सप्टेंबर

भुणभुणे,

खांदा ठीक.

तुमची गच्ची कुचकामी आहे. कठडा, टाकी, जिन्याची भिंत, सगळीकडून आवाज परत येतो आणि कारकुनाला पाच-सहा साहेब होतात. शाळेच्या मैदानावर जा.

आणि खरं सांगायचं तर मलाही आधी फक्त कमीच व्हायचा. लख्ख शून्य मला गेल्या दोन वर्षांत ऐकू यायला लागलंय. अठरा वर्षं घासल्यावर कानाला ही धार आली. तेव्हा तुला महिनाभरात मिळालं नाही म्हणून रडत बसू नकोस. घाईत आहे, तालीम आहे.

आत्या


१५ सप्टेंबर

आत्या,

मैदानावर गेले. आवाज गच्चीपेक्षा कमी झाला, तरी होताच. मी रेघेवर त्या जागी उभी होते आणि खेळाच्या बाईंनी माझ्या डाव्या कानाशी शिट्टी फुंकली. मी दचकून त्या कानात बोट घातलं. शिट्टी थांबली, आणि सूर पण नव्हता. बोट काढलं, सूर आला. घातलं, गेला. मला वाटलं डबी बिघडली. मग दुसरा कान बंद केला, थोडं सरकले, तिथेही शून्य. संध्याकाळी आई आणि काका दोघांना बोलावून कानात बोटं घालायला लावली. दोघांनाही शून्य सापडलं. काकांचे कान तर रोज गजर ऐकून कामातून गेलेले आहेत, त्यांना कसली धार.

रात्रभर वहीत रेघोट्या मारल्यावर कळलं. डोक्याच्या दोन बाजूंना दोन कान, मध्ये जवळजवळ वीतभर अंतर. एक कान शून्याच्या जागी असला तर दुसरा वीतभर बाहेर असतो आणि त्याला थोडं ऐकू येतं. एक कान बंद केला तरच खरं शून्य मिळतं.

आता तू सांग. तू कानात बोट घालून चालतेस का? तसं असतं तर पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस, तू खडूसुद्धा विसरली नव्हतीस. धार आलेल्या कानाला जास्त ऐकू यायला हवं, कमी नाही. लाइटवाला तीनदा ओरडला ते तुला ऐकू आलं नाही. दांडा डावीकडे लागला. फोनवर माणसं चिखलात असतात.

आत्या, तुझा डावा कान गेलाय का?

माझं चुकलं असेल तर हे पत्र फाडून टाक आणि मला चार शिव्या दे. मला चुकायला आवडेल.

भुणभुण


२६ सप्टेंबर

आत्या,

तू उत्तर दिलं नाहीस. शिव्याही नाहीत.

परीक्षा झाली. मैदानावर मुख्याध्यापिकाबाई, खेळाच्या बाई आणि अर्धी अकरावी जमली होती. मी फळेसरांना रेघेवर उभं केलं आणि खेकड्यासारखं चालायला सांगितलं. अर्धी अकरावी याच क्षणाची वाट बघत होती. ते चालले, योग्य जागी थांबले आणि म्हणाले, "कमी झाला. सिद्धांताप्रमाणे शून्य हवं." मी म्हटलं, सर, एका कानात बोट घाला.

त्यांनी घातलं. मग काढलं. पुन्हा घातलं. त्यानंतर ते बराच वेळ तिथे एकटेच बोट घालत आणि काढत उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की हसणारी मुलं गप्प झाली. शेवटी त्यांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात वाचलंस. मी म्हटलं, पुस्तकात नाही, माझ्या आत्याला बोट न घालता शून्य ऐकू येतं, त्यावरून सापडलं. ती काय करते, त्यांनी विचारलं. थिएटरचा आवाज सांभाळते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. त्यांना कळलं असावं.

डबी बंद करताना ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी ऊर्जेचं उत्तर मला पटकन आठवलं नव्हतं." मी त्यांना चौपट आणि शून्याचं सांगितलं. पंचवीसपैकी एकवीस. मी सायन्समध्येच आहे.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. पाच तारखेपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर सांगणार. ही धमकी आहे, विनंती समजू नकोस.

भुणभुण


३ ऑक्टोबर

भुणभुणे,

चार शिव्या मागितल्या होत्यास, त्या मी आठ दिवस देत होते, फक्त लिहिल्या नाहीत. सोळा वर्षांच्या पोरीने दोन स्पीकर आणि खडूच्या रेघेवर माझं बिंग फोडलं याचा राग आला होता. स्पीकर माझेच, हे आणखी वर.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले तर डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. सर्दी असेल म्हटलं. मग आत शिट्टी वाजायला लागली, मग शिट्टीही गेली. मी आवाजाच्या टेबलाची जागा बदलली, उजवा कान रंगमंचाकडे येईल अशी. कोणी विचारलं तर तिकडून नट नीट दिसतात म्हणायचे. एका कानाच्या बाईला आवाजाच्या कामावर कोण ठेवेल? आणि दादाला कळलं असतं तर तो काय म्हणाला असता ते तुला ठाऊक आहे. आपण दोघी एकाच वाक्याला घाबरतो.

पण शून्याचं खरंच मला कळलं नव्हतं. मला वाटायचं मी तरबेज झाले.

नवव्या दिवशी दुपारी, थिएटर रिकामं असताना, मी एक सूर लावला, पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि उजव्या कानात बोट घातलं. सगळं थिएटर गेलं. मी तशीच बसून राहिले. लाइटवाला समोर येऊन हातवारे करायला लागला तेव्हा उठले, आणि पहिल्यांदा त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्या दांड्यानंतर त्याला झोप नीट लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. एका बंद खोलीत कानाला यंत्र लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. उजवीकडचं सगळं दाबलं. डावीकडची पाळी आली तेव्हा मी वाट बघत होते की यंत्र सुरू कधी होतंय. ते संपलं होतं. पहिल्या काही दिवसांत आला असतात तर प्रयत्न करता आला असता, असं त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उजवा कान चांगला आहे, त्याला जपायचं.

व्यवस्थापकांना सांगितलं. काम काढलं नाही. पण डाव्या-उजव्या आवाजाचा तोल बघायला रोज दुसरं माणूस बसणार, आणि दांडे हलत असताना मी रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. मला ते झोंबलं. बरोबर होतं म्हणून जास्तच.

मग दादाला फोन केला, डाव्याची सवय मोडून उजव्या कानाने. कोणता कान, कधीपासून, सगळं सांगितलं. मी वाट बघत होते त्या वाक्याची. तो म्हणाला, "तुझ्याकडची सकाळची गाडी किती वाजता?"

तुझी धमकी मिळाली. वापरायची गरज नाही.

आत्या


१४ ऑक्टोबर

भुणभुणे,

दादा येऊन गेला. स्टेशनवर त्याला घ्यायला गेले. पिशवी त्याने माझ्या हातात दिली नाही. स्टेशन ते थिएटर आम्ही चालत आलो, चांगला अर्धा तास, आणि तो पूर्ण वेळ माझ्या डावीकडून चालला.

आणि बोलत होता. तुझे बाबा, जे फोनवर तीन वाक्यांच्या पुढे जात नाहीत, ते अर्धा तास बोलत होते. मला एक अक्षर कळलं नाही. रस्त्यावर गाड्या, उजव्या कानाला नुसत्या गाड्याच. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. एकदा थांबून त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा बोलायला लागला. फोनवर स्वच्छ सांगूनही कान कोणता ते विसरला असणार. इकडून ये म्हणायला मी दोनदा तोंड उघडलं. पण म्हटलं, मध्येच अडवलं तर हा गडी पुढची वीस वर्षं तोंड उघडायचा नाही. म्हणून नुसती मान डोलावत राहिले. नको तिथे डोलावली असेन तर देव जाणे काय कबूल करून बसले.

थिएटरच्या दाराशी तो उजवीकडे आला आणि म्हणाला, "इथे चहा कुठे मिळतो?" ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तो काय बोलला ते त्याच्याकडून काढून घे आणि मला लिहून पाठव. कसं काढायचं ते तुझं तू बघ, तू माझ्याकडून काय काय काढलंस ते मला माहीत आहे.

आत्या


२० ऑक्टोबर

आत्या,

काल दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, बाबा एका फ्रेममध्ये काच बसवत होते. मी सरळ सांगितलं की तुम्ही चुकीच्या बाजूने चाललात, आत्याला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू आलेलं नाही.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "माहीत आहे."

मी म्हटलं, मग त्या बाजूने का चाललात?

त्यांनी काच फुंकली, पुसली, उजेडात धरून बघितली, पुन्हा पुसली. मला वाटलं आता बोलत नाहीत, आणि मी निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "पहिल्यांदाच बोलत होतो. नीट जमेल की नाही, माहीत नव्हतं."

काय बोललात ते मी विचारलं. ते तिला सांगायचंय, तुला नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा तुझं काम मला जमलेलं नाही. पण पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारचं तिकीट त्यांनी काढलंय, ते मी खिशात बघितलं. स्टेशनवर जाशील तेव्हा पर्स डाव्या खांद्याला लाव, उजवी बाजू मोकळी ठेव.

भुणभुण